कालव्यातून पसरणाऱ्या परक्या जलजाती आणि कोणीच न मांडलेला खर्च

कुंडलिकाकाठ

नमस्कार मंडळी,

गेल्या उन्हाळी भाताच्या हंगामात माणगाव तालुक्यातील आमच्या शेतावर एक लहानशी अडचण आली आणि तिचा हिशोब मांडता मांडता हा धागा काढावा असे वाटले. कालव्याला पाणी सुटून आठ दिवस झाले होते. आमचे शेत वितरिकेच्या (कालव्याच्या फाट्याच्या) अगदी शेवटाला असल्यामुळे पाणी पोहोचायला नेहमीच उशीर होतो, म्हणून आम्ही चारीच्या डोहातून पंपाने पाणी उचलतो. पंप सुरू केला की दोन मिनिटे पाणी यायचे आणि मग पाइप नुसती हवा ओढू लागायचा. फुटव्हॉल्व्ह वर काढला, तेव्हा त्याच्या जाळीभोवती जलपर्णीची काळपट जांभळी, पिसांसारखी मुळे इतकी घट्ट गुंडाळलेली होती की ती हाताने सुटेनात. शेवटी विळ्याने कापावी लागली. त्या मुळांत गाळ होता, बारीक शंख होते आणि माशांची चिकट अंडीही होती. त्याच आठवड्यात हे तीन वेळा झाले. मग वर जाऊन पाहिले, तर रस्त्याखालच्या मोरीच्या तोंडाशी जलपर्णीची गादी बसली होती. आम्ही चार खातेदारांनी मिळून पाच गडी दोन दिवस लावले आणि ती ओढून काढली. तोवर आवण, म्हणजे लावणीची भातरोपे, निबर झाली होती आणि लावणी बारा दिवसांनी मागे पडली होती.

हा खर्च कुठे नोंदला गेला, हा प्रश्न त्यानंतर माझ्या मनातून जाईना. माझ्या वहीत तो 'पंप दुरुस्ती' आणि 'मजुरी' या नावांनी आहे. पाटबंधारे खात्याच्या दप्तरी असा खर्च कालव्यातील गवत व गाळ काढण्याच्या देखभालीत मिसळून जातो. नदीकाठच्या एखाद्या नगरपालिकेने जलपर्णी काढली, तर ती रक्कम स्वच्छतेखाली पडते. खाडीतील मच्छीमाराचे जाळे फाटले, तर ते कोणाच्याच दप्तरी येत नाही. एकाच वनस्पतीने करायला लावलेला खर्च चार वह्यांत चार नावांनी लिहिला जातो, आणि त्यामुळे तिने आपल्याला एकूण किती बुडवले हे सांगणारी एकही ओळ कुठे सापडत नाही.

कोकणात या प्रश्नाला एक वेगळी बाजू आहे. आपल्या बहुतेक नद्या आखूड आहेत. दोन शेजारच्या नद्यांच्या मध्ये डोंगराची सोंड असते आणि मुखाशी खारे पाणी असते, त्यामुळे एका नदीतील गोड्या पाण्याचा जीव दुसऱ्या नदीत आपण होऊन सहसा जात नसे. विसाव्या शतकात ही बंदिस्ती सैल झाली. खोपोलीचे वीजघर १९१५ मध्ये, भिवपुरीचे १९२२ मध्ये आणि भिऱ्याचे १९२७ मध्ये सुरू झाले, आणि भीमेच्या खोऱ्यातील पाणी अनुक्रमे पाताळगंगा, उल्हास आणि कुंडलिका या नद्यांत उतरू लागले. पुढे कोयनेचे अवजल, म्हणजे वीज करून झाल्यावर सुटणारे पाणी, वाशिष्ठीला मिळाले. कृष्णा पाणीतंटा लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी पश्चिमेकडे वळवण्याची मुभा दिलेली आहे. कोलाडजवळच्या डोलवहाळ बंधाऱ्याचे कालवे भिऱ्याहून आलेल्या पाण्यावरच चालतात. या पाण्याने आमच्याकडे दुबार भात आले आणि त्याचे मोल मी कधीही कमी लेखणार नाही. परंतु ज्या वाटेने पाणी येते, त्याच वाटेने दुसरे काय काय येते आणि त्याची किंमत कोण मोजते, हे आता तरी लिहून काढायला हवे.

आपापल्या भागात कालवा, नदी किंवा खाडी यांत अशा परक्या वनस्पती, मासे किंवा शिंपले यांच्यामुळे प्रत्यक्ष किती पैसे गेले, किती दिवस वाया गेले, हे कृपया येथे लिहावे. अंदाज नको, घडलेले लिहावे.

घाटमाथा

कुंडलिकाकाठ दादा, विषय फार महत्त्वाचा काढलात. एक दुरुस्ती मात्र आधीच नोंदवतो, कारण ती झाली नाही तर उपायही चुकेल. जलपर्णी घाटावरून भिऱ्याच्या वाटेने खाली आली, असा अर्थ आपल्या लेखनातून निघू शकतो. पुण्याच्या मुळा-मुठा, पवना आणि इंद्रायणी या नद्यांत जलपर्णी माजते हे खरे आहे. पण भिऱ्याला पाणी देणारे मुळशीचे धरण शहराच्या वरच्या अंगाला आहे, त्यामुळे शहरातील जलपर्णी प्रवाहाविरुद्ध चढून धरणात जाणार नाही.

ही वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेतील. तिच्या सुंदर फुलांसाठी ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगालमध्ये आणली गेली आणि तेथील नद्या, नाले व भातखाचरे तिने इतकी व्यापली की १९३६ मध्ये तिच्या निर्मूलनासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. आजही ती मुख्यतः माणसांच्याच हातून हलते: कोणी फुलांसाठी घरच्या टाकीत लावतो आणि वाढली की ओढ्यात टाकतो, कोणाच्या जाळ्याला तुकडा चिकटून जातो, तर कधी एका नाल्यात चाललेले पोकलेन न धुता दुसऱ्या नाल्यात उतरवले जाते. कालवा तिला जन्म देत नाही, तो तिला घरपोच नेऊन सोडतो. संथ प्रवाह, दोन्ही बाजूंच्या शेतांतून झिरपणारे खत आणि प्रत्येक चारीपर्यंत जाणारी वाट या तिन्ही गोष्टी तिला कालव्यात एकत्र मिळतात.

आणखी एक गोष्ट कालव्याच्या कामावर असलेल्या सर्वांनी लक्षात ठेवावी. तिचे बी गाळात वीस वर्षेही जिवंत राहू शकते. त्यामुळे कालव्यातून काढलेला गाळ काठावरच पसरून ठेवला, तर पहिल्या पावसात त्यातील बी पुन्हा आत जाते आणि त्याच कामाचे पैसे पुन्हा मोजावे लागतात.

दाभोळखाडी

आमचे घर पिढ्यान्‌पिढ्या खाडीवर जगते, म्हणून खाडीच्या बाजूने लिहितो.

खाऱ्या पाण्यात जलपर्णी टिकत नाही, त्यामुळे खाडीला तिच्यापासून धोका नाही असे पुष्कळ लोक समजतात. पावसाळ्यात आमच्या खाडीचे वरचे पाणी गोडे होते हे ते विसरतात. पहिल्या मोठ्या पुराबरोबर वरच्या अंगाची जलपर्णी तुटून खाली येते. दोन वर्षांपूर्वी श्रावणात एका रात्री भरतीच्या वेळी लावलेल्या जाळ्यात तिचा असा लोंढा अडकला की आम्ही तिघे भाऊ मिळूनही जाळे ओढू शकलो नाही. ओहोटी लागली तशी ओढ वाढली, एक खुंट उपटला आणि जाळ्याला दोन वाव लांब चीर गेली. उजाडेपर्यंत आम्ही मासे नव्हे, फुगीर देठांची हिरवी रास काठावर टाकत होतो. जाळे विणून पुन्हा पाण्यात घालायला नऊ दिवस लागले. सुताचा खर्च मी सांगू शकेन. पण त्या नऊ दिवसांत खाडीत जी कोळंबी होती, तिचा हिशोब कसा मांडायचा हे मला कळत नाही. पुढे जलपर्णी कुजते तेव्हा ते पाणी काळे पडते आणि त्या पट्ट्यात पाग (हाताने फेकायचे जाळे) टाकण्यात अर्थ राहत नाही.

दुसरी गोष्ट चिलापीची. चिलापी म्हणजेच तिलापिया मासा आपल्या देशात १९५२ मध्ये बाहेरून आणला गेला. पुस्तकात तो गोड्या पाण्याचा मासा म्हणून दिलेला असला, तरी तो खाऱ्या पाण्यातही तगतो. कुंडलिकाकाठ यांनी लिहिले आहे की मुखाशी खारे पाणी असल्यामुळे एका नदीतील जीव दुसऱ्या नदीत जात नसे. ही अट चिलापीला लागू पडत नाही. खारभूमीच्या बांधाआड, उघाडीच्या (बांधातील पाण्याच्या दाराच्या) आतल्या डबक्यांत, कोळंबीच्या सोडून दिलेल्या तलावांत ती सगळीकडे दिसते. नर तळाशी खळगा करतो, मादी अंडी व पिल्ले तोंडात सांभाळते, म्हणून तिची पिल्ले फारशी मरत नाहीत. माझ्या वडिलांच्या काळी पागात काळुंदर आणि बोय मिळत असत तिथे आता चिलापी मिळते. वजन कदाचित तेवढेच भरते, पण काळुंदराला बाजारात जो भाव मिळतो त्याच्या निम्माही तिला मिळत नाही. ही तूट कोणाला दिसत नाही, कारण टोपली भरलेलीच असते.

मूळ_चिपळूणचा

मी गेली अनेक वर्षे कॅनडात ओंटारिओ प्रांतात राहतो. कालव्याने आणलेल्या जिवाचा खर्च म्हणजे काय, हे येथे फार स्पष्ट दिसते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

नायगारा धबधबा हा येथील ग्रेट लेक्स या सरोवरांमधील नैसर्गिक उंबरठा होता. जहाजांना तो टाळता यावा म्हणून १८२९ मध्ये वेलंड कालवा खुला झाला. १९१९ मध्ये त्यात मोठ्या सुधारणा झाल्या आणि १९२१ मध्ये ईरी सरोवरात प्रथमच समुद्री लॅम्प्रे सापडला. हा वांबीसारखा लांब असलेला, जबडा नसलेला जीव आहे. त्याचे तोंड म्हणजे दातांनी भरलेली गोल वाटी. ती माशाच्या अंगाला लावून तो रक्त शोषतो. एक लॅम्प्रे आपल्या आयुष्यात सुमारे १८ किलो मासे मारू शकतो. पुढच्या दोन दशकांत तो वरच्या सर्व सरोवरांत पोहोचला. तेथे अमेरिका आणि कॅनडा मिळून वर्षाला सुमारे १ कोटी ५० लाख पौंड लेक ट्राउट पकडत असत; १९६० च्या दशकाच्या आरंभी ते प्रमाण सुमारे ३ लाख पौंडांवर आले. अतिमासेमारीचाही त्यात वाटा होता, पण कंबरडे मोडले ते लॅम्प्रेने. काठावरील गावांची मासेमारी, बर्फघरे, पिंपे बनवणारे, सगळे एकापाठोपाठ एक बसले.

दोन्ही देशांना यासाठी १९५० च्या दशकात संयुक्त आयोग नेमावा लागला. हजारो रसायने तपासल्यावर टीएफएम नावाचे रसायन सापडले, जे ओढ्यांतील लॅम्प्रेच्या अळ्या मारते आणि इतर बहुतेक माशांना सहसा मारत नाही. लॅम्प्रेची संख्या त्यामुळे ९० टक्क्यांनी घटली. तरीही हे काम कधी संपणारे नाही. दरवर्षी कोट्यवधी डॉलर खर्चून ओढ्यांत औषध सोडावेच लागते. २०२० आणि २०२१ मध्ये साथीमुळे हे औषध सोडणे कमी झाले आणि लॅम्प्रेची संख्या लगेच वाढली. शंभर वर्षांपूर्वी कालवा रुंद करताना हा खर्च कोणत्याही अंदाजपत्रकात धरलेला नव्हता, आणि तो आता कायमचा झाला आहे.

झेब्रा शिंपल्याचे उदाहरण आपल्या पाणीपुरवठ्याला अधिक जवळचे आहे. काळा समुद्र व कास्पियन समुद्राच्या परिसरातील हा नखाएवढा शिंपला युरोपात कालव्यांच्या जाळ्यातून पसरला, १८२४ मध्ये लंडनच्या गोद्यांत आढळला आणि १९८८ मध्ये जहाजांच्या समतोलासाठी भरलेल्या पाण्यातून आलेला येथे सापडला. मादी वर्षाला दहा लाखांपर्यंत अंडी घालते आणि पिल्ले नळाच्या आतल्या अंगाला थरावर थर चिकटतात. डिसेंबर १९८९ मध्ये मिशिगनमधील मन्रो या शहराचा पाणीपुरवठाच त्यामुळे बंद पडला. शाळा आणि कारखाने बंद ठेवावे लागले. पुढे शिकागोच्या १९०० मध्ये खुल्या झालेल्या कालव्यातून तो इलिनॉय नदीत आणि तेथून मिसिसिपीत उतरला. आता त्याच जलमार्गाने उलट दिशेने आशियाई कार्प मासे सरोवरांकडे येऊ नयेत म्हणून २००२ पासून पाण्यात विजेचे अडथळे चालवले जातात, आणि ब्रँडन रोड येथे जो नवा अडथळा उभारला जात आहे त्याचा अंदाजित खर्च एक अब्ज डॉलरहून अधिक आहे. एका कालव्यातली एक जागा बंद करण्याची ही किंमत आहे.

चिपळूणला घरी आलो की मी कोळकेवाडीच्या अवजल कालव्याकडे हटकून जातो. ते स्वच्छ, थंड, वेगाने जाणारे पाणी पाहिले की वेलंड कालव्याची आठवण होते. कोयनेचे अवजल मुंबईपर्यंत नेण्याची चर्चा अनेक वर्षे चालू आहे. ते काम कधी हाती घेतले गेलेच, तर त्याच्या अंदाजपत्रकात जाळ्या, तपासणी आणि दरवर्षीची देखरेख यांची ओळ पहिल्या दिवसापासून असावी, एवढीच माझी कळकळीची मागणी आहे.

शिंपला

मी महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते. मूळ_चिपळूणचा यांनी शिंपल्यांचा विषय काढला म्हणून कोकणच्या किनाऱ्यापुरते थोडे जोडते.

आपल्याकडे झेब्रा शिंपला नाही, पण त्याच्या सवयींचा एक दूरचा भाऊ आहे. मायटिलॉप्सिस सॅलेई हा कॅरिबियन समुद्राकडील शिंपला १९६७ मध्ये विशाखापट्टणमला आढळला आणि पुढे मुंबईच्या गोद्यांतही सापडला. तो गोड्या पाण्यापासून खाऱ्या पाण्यापर्यंत कुठेही जगतो, त्यामुळे खाडीचे मचूळ पाणी त्याला फारच मानवते. पनामा कालवा हा महासागरांमधील त्याच्या प्रवासाचा एक संभाव्य मार्ग मानला जातो. मार्च १९९९ मध्ये हाच शिंपला ऑस्ट्रेलियातील डार्विन येथील बोटींच्या धक्क्यांत सापडला. तेथील सरकारने तीन धक्के ताबडतोब बंद केले, पाण्यात क्लोरीन आणि मोरचूद ओतले आणि काही आठवड्यांत तो पूर्णपणे नाहीसा केला. २० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरहून अधिक खर्च आला, पण जवळची मोत्यांची शेती वाचली. समुद्री जीव एकदा आल्यावर पूर्ण काढता आल्याची उदाहरणे जगात फार थोडी आहेत, आणि येथे ते साधले याचे कारण तो लवकर दिसला आणि बंद करता येईल अशा जागी दिसला.

केरळची गोष्ट याच्या उलट आहे. अमेरिकेच्या उष्ण किनाऱ्यावरील मायटेला स्ट्रिगाटा हा शिंपला गेल्या दहा वर्षांत अष्टमुडी कायलात (समुद्रालगतच्या मचूळ सरोवरात) पसरला आणि तेथील हिरव्या शिंपल्यांची व इतर शिंपल्यांची जागा त्याने घेतली. केरळची कायले कालव्यांनी एकमेकांना जोडलेली आहेत, त्यामुळे एका कायलात आलेला जीव तेथेच अडकून राहील याची खात्री नसते.

आपल्या खाड्यांत तिसऱ्या (चिखलातले शिंपले) आणि कालवे (खडकाला चिकटणारे शिंपले) काढणाऱ्या बहुतेक स्त्रिया आहेत. ओहोटीला गुडघाभर चिखलात वाकून, कोयत्याने खडकावरची कालवे फोडून त्या दिवसाची कमाई करतात. त्यांच्याकडे परवाना नसतो, जाळे नसते, बँकेची नोंद नसते. उद्या एखाद्या परक्या शिंपल्याने खडक झाकून टाकला, तर त्यांच्या नुकसानीचा पंचनामा कशावरून करणार, या प्रश्नाने मला फार अस्वस्थ केले आहे. राष्ट्रीय जलमार्ग कायद्याने २०१६ मध्ये अंबा, कुंडलिका–रेवदंडा, सावित्री, वाशिष्ठी–दाभोळ आणि शास्त्री–जयगड ही पात्रे जलमार्ग म्हणून जाहीर झालेली आहेत आणि वाढवणच्या बंदराला २०२४ मध्ये मंजुरी मिळाली आहे. जहाजांच्या समतोल-पाण्याविषयीचा आंतरराष्ट्रीय करार २००४ चा असून तो ८ सप्टेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याच्या आधीच्या जागतिक पूर्वतयारीत ज्या सहा बंदरांवर प्रात्यक्षिक अभ्यास झाले, त्यांत मुंबई होती. म्हणजे ज्ञान आपल्याजवळ आहे. मोठ्या बंदरातून बार्ज खाडीत आत जातात, तेव्हा त्यांच्या बुडाला काय चिकटले आहे हे पाहणारा माणूस मात्र मला अजून भेटलेला नाही.

सुएझचे एक उदाहरण मालवणकडच्या वाचकांसाठी देते. १८६९ मध्ये तो कालवा खुला झाल्यापासून तांबड्या समुद्रातील शेकडो जाती भूमध्य समुद्रात गेल्या. मधल्या कडवट तळ्यांचे अतिखारट पाणी सुरुवातीला त्यांना अडवत होते. तळाचे मीठ विरघळत गेले आणि तो अडसर ओसरला. त्यांतील एक मासा आपल्या केंडाच्या (अंग फुगवणाऱ्या माशाच्या) जवळचा नातलग आहे. २००३ मध्ये तो तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर प्रथम दिसला. केंड जाळी कशी कुरतडतो हे येथे कोणाला सांगायला नको. तो विषारी असल्याने विकता येत नाही, आणि तुर्की सरकार आता पकडलेल्या माशाच्या प्रत्येक शेपटीमागे मच्छीमारांना पैसे देते.

वाल_आणि_भात

सर्वांचे लेखन आदराने वाचले. दुसरी बाजूही हिशोबात यावी असे मला वाटते. आमच्या वाडीत कालव्यातली जलपर्णी कुजवून खत केले जाते आणि काही बचत गट तिच्या वाळलेल्या देठांच्या टोपल्या विणतात. चिलापीबद्दल दाभोळखाडी यांनी लिहिले ते खरे असेल, पण ज्याला सुरमई परवडत नाही त्याच्या ताटात तीच असते. कालवा साफ करण्याच्या कामावर आमच्याकडचे दहा-बारा जण उन्हाळ्यात चार पैसे मिळवतात. फक्त तोटा मोजला तर चित्र एकांगी होईल.

जमाखर्च

मी लेखापालाचे काम केलेले आहे, म्हणून वाल_आणि_भात यांच्या मुद्द्यापासूनच सुरुवात करतो, कारण तो टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही. खत आणि टोपल्या यांची किंमत जमेच्या बाजूला धरलीच पाहिजे. मजुरीचे मात्र तसे नाही. साफसफाईवर खर्च झालेली मजुरी ही पाणी वापर संस्थेच्या किंवा सरकारच्या खिशातून गेलेली रक्कम आहे. तीच रक्कम अस्तरीकरण दुरुस्त करण्यावर खर्च झाली असती तर मजुरांना तेवढेच पैसे मिळाले असते आणि शेवटच्या शेताला पाणीही मिळाले असते. शिवाय खताच्या मागणीमुळे जलपर्णी कमी झाली, असे निदान माझ्या पाहण्यात नाही. माणूस जेवढी उचलतो त्याहून ती वेगाने वाढते.

किती वेगाने, ते आपल्या मापात सांगतो. अनुकूल हवेत जलपर्णीचे क्षेत्र साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते. १५ डिसेंबरला एखाद्या डोहात ती एक गुंठा आहे असे धरा. मार्चच्या मध्यापर्यंत सहा वेळा दुप्पट होऊन ६४ गुंठे, म्हणजे एक एकर चोवीस गुंठे होते. डिसेंबरात दोन माणसांचे एका सकाळचे काम होते. मार्चमध्ये त्यासाठी यंत्र मागवावे लागते, निविदा काढावी लागते आणि निविदा निघेपर्यंत हंगाम संपतो. आमच्या भागात एका वर्षी असेच झाले: मंजुरी आली तेव्हा कालवा बंद व्हायला आठवडा उरला होता.

जगभराचे आकडेही हेच सांगतात. जैवविविधतेवरील आंतरसरकारी मंचाने २०२३ मध्ये दिलेल्या अहवालानुसार आक्रमक परक्या जातींचा वार्षिक खर्च २०१९ मध्ये ४२३ अब्ज डॉलरहून अधिक होता आणि १९७० पासून तो दर दशकात निदान चौपट होत गेला. नुसत्या जलचर जातींचा जगात नोंदलेला खर्च २०२१ मधील एका अभ्यासात ३४५ अब्ज डॉलर निघाला, आणि तोही हात राखून केलेला अंदाज आहे. त्या अभ्यासात झालेल्या नुकसानीच्या मानाने नियंत्रणावरचा खर्च कितीतरी पटींनी कमी होता. भारताचा १९६० ते २०२० या काळातील सर्व आक्रमक जातींचा नोंदलेला खर्च १२७ ते १८२ अब्ज डॉलरच्या दरम्यान आहे. या सर्व आकड्यांत फक्त कोणीतरी कुठेतरी नोंदलेले नुकसान येते. कुंडलिकाकाठ यांचे पाच गडी, दाभोळखाडी यांचे नऊ दिवस आणि शिंपला ताईंनी सांगितलेल्या स्त्रियांची बुडालेली ओहोटी त्यांत कुठेही नाही.

भातवाल्यांसाठी आणखी एक धोका नोंदवतो. दक्षिण अमेरिकेतील सोनेरी सफरचंदी गोगलगाय खाण्यासाठी म्हणून १९८० च्या सुमारास आशियात आणली गेली. ती फिलिपिन्समध्ये पाटाच्या पाण्यातून खाचराखाचरांत पसरली आणि कोवळे रोप बुंध्यातून खाऊ लागली. १९९० पर्यंत तिने त्या देशाला ४२.५ कोटी ते १.२ अब्ज डॉलरचा फटका दिला, असा अंदाज नंतर मांडला गेला. आपल्या लावणीची पद्धत त्यांच्यासारखीच आहे. पाण्याच्या वर देठावर किंवा बांधाच्या दगडावर गडद गुलाबी अंड्यांचा घोस दिसला, तर तो चिरडावा आणि कृषी खात्याला कळवावे.

आशा वाटावी असे उदाहरणही आहे. केरळात कुट्टनाडच्या कालव्यांत आणि भातशेतीत साल्व्हिनिया ही तरंगती वनस्पती इतकी माजली होती की नावा चालेनात. १९८३-८४ च्या सुमारास तिच्यावरच जगणारा एक लहान भुंगेरा सोडण्यात आला. भातशेतीतून ती वनस्पती काढण्याची मजुरी हेक्टरी २३५ रुपयांवरून काही वर्षांत ८ रुपयांवर आली. हे आकडे आपल्याला आज ठाऊक आहेत, कारण भुंगेरा सोडण्याच्या आधीचा खर्च कोणीतरी लिहून ठेवला होता.

घाटमाथा

जलपर्णीसाठीही दोन जातींचे भुंगेरे १९८० च्या दशकात भारतात आणले गेले होते आणि बंगळूरच्या तलावांत त्यांचा उपयोग झाला. मात्र कोकणातील पाण्याचे कालवे पावसाळ्यात बंद असतात आणि पुरात झाडे वाहून जातात, त्यामुळे भुंगेऱ्यांची वस्ती दरवर्षी मोडेल अशी मला शंका आहे. आपल्याकडे शीर्षद्वारापाशी (कालव्याच्या तोंडाच्या दारापाशी) आणि मोऱ्यांपाशी हाताने वेळीच काढणे, काढलेला माल कालव्यापासून दूर नेणे, आणि यंत्रे व जाळी धुऊन वाळवूनच दुसरीकडे नेणे, हे अधिक खात्रीचे वाटते. वाळवणे हे सर्वांत स्वस्त औषध आहे आणि मे महिन्यात आपल्याकडे त्याला तोटा नाही.

कुंडलिकाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. घाटमाथा यांची दुरुस्ती मान्य आहे. मूळ लेखनात वाट आणि उगम यांची मी गल्लत केली होती. वाल_आणि_भात यांच्या सांगण्याप्रमाणे जमेची बाजूही आता धरली आहे.

दरम्यान एक काम केले आहे. आमच्या पाणी वापर संस्थेच्या बैठकीत पाळीपत्रकाच्या (कोणाला कधी पाणी मिळणार ते लिहिण्याच्या) वहीला एक वेगळा रकाना जोडण्याचे ठरले. पाटकरी (कालव्याचा राखणदार) पाण्याच्या दर फेरीला मोरी, विमोचक (पाणी सोडण्याचे दार) आणि डोह पाहील आणि चार गोष्टी लिहील: जात कोणती दिसली, किती गुंठ्यांत होती, काढायला किती माणसे किती वेळ लागली, आणि त्या दिवशी शेवटच्या शेताला पाणी किती तास उशिरा पोहोचले. वहीच्या पहिल्या पानावर जलपर्णी, चिलापी, गोगलगाईची गुलाबी अंडी आणि खडकाला थराने चिकटणारा बारीक शिंपला यांची चित्रे चिकटवली आहेत. ती चित्रे शिंपला ताईंनी तपासून दिली.

पहिली नोंद परवाची आहे. 'साखळी क्रमांक दोनची मोरी. जलपर्णी, सुमारे पाव गुंठा. दोन माणसे, दीड तास. काठापासून वीस पावले दूर, खडकावर वाळत टाकली. उशीर नाही.'

दाभोळखाडी दादा, तुमच्याकडे पुराच्या काळात असा रकाना कोण भरू शकेल, हे कळवा. वहीचा नमुना पाठवून देतो.

दाभोळखाडी

आमच्या मच्छीमार सोसायटीत डिझेलच्या कुपनाची नोंद रोज होते, आणि कुपन न्यायला प्रत्येक होडीचा माणूस येतोच. त्याच वहीत 'जाळ्यात काय अडकले' हा रकाना घालण्याविषयी चिटणिसांशी बोललो आहे आणि ते तयार आहेत. बिगरयांत्रिक होड्या आणि कालवे काढणाऱ्या बायका कुपनाला येत नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी माझी वहिनी वेगळी वही ठेवणार आहे. ती स्वतः तिसऱ्यांना जाते आणि ओहोटीच्या वेळी सगळ्याजणी एकाच वाटेने उतरतात. नमुना पाठवा. नारळी पौर्णिमेच्या आधी मिळाला तर बरे होईल.